ओलिव्हिए मेसियाँ : देवगिरीचे देशी ताल आणि पॅरिसचा ऑर्गनवादक

धागाकर्ता : द्रुतविराम

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात १२० देशी तालांची यादी दिली. ती यादी विसाव्या शतकात पॅरिसमधल्या एका तरुण ऑर्गनवादकाच्या वाचनात आली आणि तिच्या आधाराने त्याने युरोपीय संगीतातील लयविचाराचा पायाच बदलला. हा ऑर्गनवादक म्हणजे ओलिव्हिए मेसियाँ. त्यांच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले दिसत नाही, आणि जे थोडेफार ऐकू येते ते ‘भारतीय संगीताने प्रभावित झालेले पाश्चात्त्य रचनाकार’ एवढ्या एका वाक्यावर थांबते. ते वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. प्रभाव नेमका कशाचा, तो कोणत्या वाटेने गेला आणि तिकडे जाऊन त्याचे काय झाले, हे तपशिलाने मांडावे म्हणून हा धागा काढत आहे.

मेसियाँ यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी दक्षिण फ्रान्समधील आव्हिन्यों येथे झाला. वडील पिएर हे इंग्रजीचे अध्यापक आणि शेक्सपिअरचे अनुवादक, तर आई सेसिल सोव्हाज या कवयित्री होत्या. मूल पोटात असतानाच त्यांनी त्याला उद्देशून कविता लिहिल्या होत्या आणि मेसियाँ आयुष्यभर त्या कवितांचा उल्लेख कृतज्ञतेने करत राहिले. पहिल्या महायुद्धाचा काळ ग्रनोबल या आल्प्सच्या पायथ्याच्या गावी गेला. दहा वर्षांच्या मेसियाँना एका शिक्षकाने देब्युसी यांच्या ‘पेलेआस आणि मेलिसांद’ या ऑपेराची स्वरलिपी भेट दिली आणि रचनाकार व्हायचे हे तेव्हाच ठरून गेले. पुढे अकराव्या वर्षी ते पॅरिसच्या कॉन्झर्व्हातोआर या संगीतविद्यालयात दाखल झाले. तेथे रचनेसाठी पॉल द्युका, ऑर्गनसाठी मार्सेल द्युप्रे आणि संगीताच्या इतिहासासाठी मोरिस एमान्युएल असे गुरू त्यांना लाभले. यांपैकी एमान्युएल यांनी त्यांना प्राचीन ग्रीक छंदांची गोडी लावली, आणि छंदांकडे कान वळल्यामुळेच पुढची गोष्ट घडू शकली असे मला वाटते.

त्याच संस्थेच्या नावाने निघालेल्या संगीतविषयक विश्वकोशात झोआनी ग्रोसे या विद्वानाचा भारतीय संगीतावर एक दीर्घ लेख होता आणि त्यात शार्ङ्गदेवाच्या देशी तालांचा तक्ता छापलेला होता. मेसियाँना आपले ताल भेटले ते या तक्त्यातून. समोर पखवाज नाही, हाताने ताल देणारा गुरू नाही, फक्त कागदावर लिहिलेल्या कालमात्रा. बहुतेकांनी असा तक्ता पाहून पान उलटले असते. मेसियाँ यांनी मात्र त्यातला एकेक ताल घेऊन त्याची घडण तपासली.

‘रागवर्धन’ हा ताल घेऊ. त्याची अंगे अशी आहेत : द्रुत, सविराम द्रुत, द्रुत आणि प्लुत. लघु म्हणजे एक मात्रा धरली तर द्रुत अर्धी मात्रा होतो, विराम जोडलेला द्रुत पाऊण मात्रा आणि प्लुत तीन मात्रा. अपूर्णांक टाळण्यासाठी पाव मात्रेला एक एकक मानले की २, ३, २, १२ अशी मांडणी मिळते. मेसियाँ यांनी ती उलटी केली आणि बाराच्या प्लुताचे चार-चारचे तीन तुकडे केले, म्हणजे ४, ४, ४, २, ३, २ अशी ओळ तयार झाली. या ओळीकडे पाहून त्यांनी तीन निष्कर्ष काढले. पहिला असा की ४, ४, ४ ची सरळ दुगण २, २, २ झाली असती, पण येथे मधल्या दोनाला एक एकक जास्त मिळाले आहे. म्हणजे कोणत्याही समतोल लयीत एक लहानसा काळ मिळवला की तिची चाल पालटते. दुसरा असा की एखादी लयाकृती वाढवताना किंवा आखडताना ती नेमकी दुप्पट किंवा निमपट करण्याचे बंधन नाही. तिसरा असा की २, ३, २ ही आकृती उलटीकडून वाचली तरी तीच राहते. अशा आकृतींना त्यांनी उलटवता न येणाऱ्या लयी म्हटले आणि त्यांच्यात त्यांना एक गूढ आकर्षण जाणवले, कारण त्यांच्यासाठी काळ पुढे जातो की मागे हा प्रश्नच उरत नाही. १९३५ च्या ‘येशूचा जन्म’ या ऑर्गनसाठी लिहिलेल्या नऊ भागांच्या रचनेत हे विचार प्रत्यक्षात उतरलेले ऐकू येतात आणि १९४४ मध्ये त्यांनी आपल्या संगीतभाषेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याच्या आरंभीच्या प्रकरणांत रागवर्धनाची ही चिकित्सा सविस्तर आली आहे.

यापुढची पायरी १९४१ ची. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना मेसियाँ यांनी व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो आणि पियानो यांच्यासाठी ‘काळाच्या अंतासाठी चौवादन’ ही आठ भागांची रचना पूर्ण केली. तिच्या पहिल्या भागात पियानोची लय १७ कालमूल्यांची आहे आणि ती तीन देशी ताल एकापुढे एक ठेवून घडवली आहे. रागवर्धनाची ४, ४, ४, २, ३, २ ही सहा मूल्ये, मग चंद्रकलेची २, २, २, ३, ३, ३, १ ही सात, आणि शेवटी लक्ष्मीशाची २, ३, ४, ८ ही चार. ही १७ मूल्ये पुन्हा पुन्हा येत राहतात. त्यांच्यावर जी स्वरसंगती बसवली आहे तिच्यात मात्र २९ स्वरपुंज (एकदम वाजणाऱ्या स्वरांचे गट) आहेत, त्यामुळे लय पहिल्या जागी परत येते तेव्हा स्वर दुसरीकडेच असतात. चेलोचे चक्र आणखी वेगळे आहे. त्याच्याकडे पाच स्वर आणि पंधरा कालमूल्ये आहेत. या दोन चक्रांच्या वर क्लॅरिनेट काळ्या कस्तुराची आणि व्हायोलिन नाइटिंगेलची शीळ घालते. कुठलाही भाग दुसऱ्याची वाट पाहत नाही आणि तरीही सगळे मिळून पहाटेच्या वेळचे एकच वातावरण उभे राहते.

माझे म्हणणे असे आहे की मेसियाँ यांनी आपले संगीत उचलले नाही, तर आपल्या शास्त्रग्रंथातला एक विचार उचलला. तो विचार आपल्याकडच्या रोजच्या मैफलीतून तोपर्यंत बाजूला पडला होता. म्हणूनच त्यांच्या रचनेत सतार किंवा तबल्याचा भास शोधणारा श्रोता रिकाम्या हाताने परततो. ऐकायचे असेल तर कालमूल्यांकडे लक्ष द्यावे. मात्रा, अर्धी मात्रा, पाव मात्रा यांची सवय असलेल्या आपल्या कानाला ते अवघड जाऊ नये. जाणकारांनी आपली मते मांडावीत, मतभेद असतील तर तेही सविस्तर लिहावेत.

प्रतिसाद : मृदंगी

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण एका मूलभूत गोष्टीवर माझा आक्षेप आहे. ताल म्हणजे कालमूल्यांची ओळ नव्हे. शार्ङ्गदेवाच्याच ग्रंथात ताल हा क्रियेने मोजला जातो, आणि या क्रिया सशब्द आणि निःशब्द अशा दोन प्रकारच्या असतात. हाताची टाळी, हात उलटा करणे, बोटे मिटणे या सगळ्यांतून गाणारा, वाजवणारा आणि नाचणारा एका काळात बांधले जातात. शिवाय ताल हा आवर्तनाने फिरतो आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. समेला येण्याची ओढ हाच तर आपल्या संगीतातला मोठा आनंद आहे. ज्या रचनेत क्रिया नाही, आवर्तनाची जाणीव नाही आणि सम नाही, तिच्यातील ४, ४, ४, २, ३, २ या आकड्यांना रागवर्धन म्हणावे का? रागवर्धन उलटा केला आणि प्लुताचे तुकडे केले की तो रागवर्धन राहिलाच कोठे?

हा आक्षेप मी मेसियाँ यांच्या प्रतिभेवर घेत नाही. पंधराव्या मिनिटाला कोठे आहोत हे कळत नसूनही त्यांचे संगीत मला ऐकत राहावेसे वाटले. पण नावे देताना काटेकोर असावे.

द्रुतविराम

मृदंगी, आपला आक्षेप मला मान्य आहे, आणि तो जितका नेमका मांडाल तितके मेसियाँ अधिक कळतात. त्यांनी घेतला तो तालाचा लिखित सांगाडा. गुरू-लघूंच्या हिशेबाने पाहिले तर तो आपल्या छंदशास्त्राला जास्त जवळचा आहे, आणि ग्रीक छंदांवरून देशी तालांकडे आलेल्या माणसाला तो तसा दिसणे स्वाभाविक होते. त्यांच्या लेखी ग्रीक छंद आणि देशी ताल ही एकाच कामाची साधने होती. १९५५-५६ मधील ‘परदेशी पक्षी’ या रचनेत तालवाद्ये एकीकडे ग्रीक छंद आणि दुसरीकडे देशी ताल वाजवतात, तेव्हा हे शेजारपण उघडच ऐकू येते.

समेविषयी मात्र मला थोडे वेगळे सुचवायचे आहे. चौवादनाच्या पहिल्या भागात १७ कालमूल्ये आणि २९ स्वरपुंज यांची चक्रे एकदमच सुरू होतात. १७ आणि २९ या दोन्ही मूळ संख्या असल्यामुळे ती पुन्हा एकत्र यायला ४९३ स्वरपुंज वाजावे लागतात. भाग त्याच्या पुष्कळ आधी, जेमतेम अडीच-तीन मिनिटांत संपतो. म्हणजे गणिताने सम आहे, पण ती त्या रचनेच्या बाहेर, आपल्या ऐकण्याच्या पलीकडे ठेवलेली आहे. काळाचा अंत हा ज्या रचनेचा विषय आहे तिच्यात ही योजना सहज म्हणून आलेली नाही. आपल्या परंपरेत समेची ओढ श्रोत्याला आवर्तनागणिक फळ देते. मेसियाँ तीच ओढ कधीही न फिटणारी करून ठेवतात. आवर्तनाचे भान असलेल्या श्रोत्याला ही गोष्ट युरोपीय श्रोत्यापेक्षा अधिक जाणवेल असे मला वाटते.

प्रतिसाद : वसईचा गायकवृंद

या चर्चेत मेसियाँ यांची श्रद्धा अजून आली नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्यांना मेसियाँ हे नाव मुख्यतः कॅथलिक रचनाकार म्हणून माहीत असते. ते १९३१ मध्ये, वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी, पॅरिसच्या त्रिनिते चर्चचे ऑर्गनवादक झाले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ, त्या पदावर राहिले. जगभर कीर्ती झाल्यावरही रविवारच्या मिस्सेला ते वाजवायला बसत असत. तेथला ऑर्गन काव्हाये-कोल या विख्यात कारागिराच्या हातचा आहे आणि त्याच्या नादाची ओळख असल्याशिवाय मेसियाँ यांच्या ऑर्गनरचनांची स्वररंगांची योजना पूर्णपणे समजत नाही.

त्यांच्या बहुतेक मोठ्या रचनांचे विषय धर्मतत्त्वांचे आहेत : ख्रिस्तजन्म, स्वर्गारोहण, रूपांतर, पवित्र त्रैक्य, मृतांचे पुनरुत्थान. दुःखभोगाचे किंवा पापाच्या भयाचे चित्रण त्यांच्याकडे तुलनेने कमी आहे. त्यांचा कल आनंदाकडे, तेजाकडे आणि शाश्वताकडे आहे, आणि मला हे त्यांचे सर्वांत मोठे वेगळेपण वाटते, कारण त्यांच्या काळातील युरोपीय कलेचा बराचसा भाग निराशेने भरलेला होता. द्रुतविराम यांनी उलटवता न येणाऱ्या लयींचा जो अर्थ दिला आहे तो याच श्रद्धेतून आलेला आहे. शाश्वतात मागे-पुढे नसते. स्वरांच्या बाबतीतही त्यांनी असेच केले. मर्यादित स्थानांतराची सात स्वरसप्तके त्यांनी निश्चित केली. त्यातले दुसरे सप्तक (त्यात खरे तर आठ स्वर आहेत) आपल्या भाषेत सांगायचे तर सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नी असे होते. अर्धस्वर आणि पूर्णस्वर यांची अदलाबदल असल्यामुळे षड्ज बदलत गेले तरी तीन वेगळ्या स्थानांनंतर तेच स्वर पुन्हा हाती येतात. चौथे स्थान शक्यच नाही. अशा अशक्यतेत एक मोहिनी असते असे मेसियाँ म्हणत असत, आणि लय व स्वर या दोन्ही ठिकाणी त्यांनी तिचा शोध घेतला.

ज्यांना ऑर्गनची सवय नाही त्यांनी १९३२ मधील ‘शाश्वत चर्चचे दर्शन’ ही लहान रचना आधी ऐकावी. आवाज हळूहळू चढत शिखराला जातो आणि तसाच उतरतो. एवढीच तिची घडण आहे, पण एखाद्या मोठ्या वास्तूत उभे राहून ऐकल्यास तिचा परिणाम विसरता येत नाही.

प्रतिसाद : रानपाखरू

मी पक्षिनिरीक्षक आहे, संगीताची जाणकार नाही, पण मेसियाँ यांच्यापर्यंत मी पक्ष्यांच्या वाटेने पोहोचले. १९५० च्या दशकात त्यांनी झाक दलामँ या पक्षितज्ज्ञांकडून पक्षी आवाजावरून ओळखण्याचे रीतसर शिक्षण घेतले आणि नंतर आयुष्यभर वह्या-पेन्सिली घेऊन पहाटे रानात बसून पक्ष्यांचे गाणे स्वरलिपीत उतरवले. १९५३ मध्ये ‘पक्ष्यांचे जागरण’ ही पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना आली, आणि १९५६ ते ५८ या काळात ‘पक्ष्यांची सूची’ हा १३ पियानोरचनांचा प्रचंड संग्रह लिहिला गेला. या संग्रहातील प्रत्येक रचनेला एका पक्ष्याचे नाव आहे, पण तिच्यात त्याच्या शेजारचे इतर पक्षी, तेथला खडक, पाणी, दिवसाची वेळ हे सारे येते. म्हणजे मेसियाँ एकटा पक्षी लिहीत नव्हते, त्याचा अधिवास लिहीत होते. आमच्या क्षेत्रातील लोकांना हे विशेष पटते.

पक्ष्याची शीळ अतिशय जलद, अतिशय उंच पट्टीतली आणि आपल्या बारा स्वरांच्या मधल्या अंतरांनी भरलेली असते. ती कोणत्याही वाद्यावर जशीच्या तशी वाजवता येत नाही. मेसियाँ तिची गती कमी करत, तिला खालच्या सप्तकात आणत आणि सूक्ष्म अंतरे त्याच प्रमाणात मोठी करत. त्यामुळे ध्वनिमुद्रण आणि रचना शेजारी ठेवून ऐकल्यास आवाज जुळत नाही, परंतु वाक्ये जुळतात : कोठे थांबणे, कोठे तीच लकेर तीनदा घेणे, कोठे अचानक वर उडी मारणे. मी ज्या पक्ष्यांना नीट ओळखते त्यांच्या बाबतीत मला हे अनेकदा जाणवले आहे.

धागाकर्त्यांनी ‘परदेशी पक्षी’ या रचनेचा उल्लेख केला. तिच्यात भारत, चीन, मलेशिया आणि अमेरिका खंड येथील पक्षी एकत्र आणले आहेत, जे निसर्गात कधीही एकत्र गाणार नाहीत. त्यात आपली पहाडी मैना आणि शामा हे दोघेही आहेत. सह्याद्रीच्या दाट झाडीत ज्यांनी शामाचे गाणे ऐकले आहे त्यांनी ही रचना जरूर ऐकावी. शार्ङ्गदेवाचे ताल आणि आपल्या रानातली शामा एकाच रचनेत भेटतात ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

प्रतिसाद : इतिहासवाचक

चौवादनाच्या पहिल्या प्रयोगाभोवती दंतकथा पुष्कळ जमल्या आहेत, म्हणून खात्रीची माहिती एका ठिकाणी देतो. मेसियाँ १९४० मध्ये वैद्यकीय साहाय्यक म्हणून सैन्यात असताना पकडले गेले. चेलोवादक एतियेन पास्किए आणि क्लॅरिनेटवादक आंरी अकोका हे त्यांच्याबरोबर होते. चौवादनाचा तिसरा भाग, जो एकट्या क्लॅरिनेटचा आहे, तो छावणीत पोहोचण्यापूर्वीच अकोकांसाठी लिहिला गेला होता. पुढे या सर्वांना गर्लिट्झ येथील ‘स्टालाग ८ अ’ या छावणीत नेण्यात आले. तेथे व्हायोलिनवादक झाँ ल बुलेर भेटले. कार्ल-आल्बर्ट ब्र्यूल नावाच्या जर्मन अधिकाऱ्याने मेसियाँना कागद, पेन्सिली आणि शांतपणे बसायला जागा मिळवून दिली आणि नंतर त्यांची सुटका व्हावी म्हणून कागदपत्रे तयार करण्यातही मदत केली. १५ जानेवारी १९४१ रोजी कडाक्याच्या थंडीत, छावणीतल्या एका बराकीत हा प्रयोग झाला. मेसियाँ यांच्या वाट्याला आलेल्या पियानोच्या पट्ट्या दाबल्या की अडकून बसत.

मेसियाँ पुढे सांगत की श्रोते पाच हजार होते आणि चेलोला चारऐवजी तीनच तारा होत्या. पास्किए यांनी तारांची गोष्ट स्वतः नाकारली होती, आणि बराकीत मावणारे श्रोते काही शेच असू शकतात असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मला यात मेसियाँ यांच्यावर दोष ठेवावासा वाटत नाही. कैदेत घडलेली घटना स्मरणात मोठी होत जाते. परंतु खरी हकीकतच इतकी विलक्षण आहे की तिला मोठे करण्याची गरज नाही. अकोका ज्यू होते आणि त्यांना पुढे दुसरीकडे नेले जात असताना क्लॅरिनेट बगलेत धरून चालत्या गाडीतून उडी मारून ते निसटले. ल बुलेर यांनी युद्धानंतर संगीत सोडून नाटक-चित्रपटांत अभिनय केला.

धागाकर्त्यांच्या मांडणीला एक पुरवणी जोडतो. चौवादन पूर्णपणे छावणीत जन्मलेले नाही. चेलोची संथ स्तुती ही १९३७ मध्ये विजेवर चालणाऱ्या सहा ‘ओंद मार्तनो’ वाद्यांसाठी लिहिलेल्या रचनेतून घेतली आहे आणि शेवटची व्हायोलिनची स्तुती १९३० च्या ऑर्गनरचनेतून. छावणीत नव्याने घडले ते पहिल्या भागासारखे आणि सहाव्या भागासारखे लयप्रधान भाग, ज्यात चारही वाद्ये एकाच स्वरात वेडीवाकडी लय एकत्र वाजवतात. म्हणजे तारेच्या कुंपणाआड मेसियाँ सर्वांत जास्त विचार करत होते तो लयीचा.

प्रतिसाद : नवखा श्रोता

चर्चा वाचून ऐकण्याची इच्छा झाली आहे. मी आतापर्यंत प्रामुख्याने ख्याल ऐकला आहे. कोठून आरंभ करावा, आणि ‘तुरंगलीला’ या नावाने प्रसिद्ध असलेली सिंफनी पहिल्यांदा ऐकण्यास योग्य आहे का, हे कृपया सांगावे.

द्रुतविराम

विलंबित ख्याल ऐकणाऱ्याने चौवादनाच्या पाचव्या भागापासून, म्हणजे चेलोच्या स्तुतीपासून, आरंभ करावा. एकच स्वरवाक्य इतक्या धीमेपणाने उलगडते की मात्रा मोजण्याचा मोह सुटतो. त्यानंतर पहिला भाग ऐकावा आणि फक्त पियानोवर लक्ष ठेवून ४, ४, ४, २, ३, २ ओळखण्याचा प्रयत्न करावा. मग ‘येशूचा जन्म’ मधील शेवटचा भाग, आणि मग ‘परदेशी पक्षी’.

‘तुरंगलीला’ त्यानंतर. ती १९४६ ते १९४८ या काळात, संचालक कुसेवित्स्की यांच्या मागणीवरून बोस्टनच्या वाद्यवृंदासाठी लिहिली गेली. २ डिसेंबर १९४९ रोजी लेनर्ड बर्नस्टाइन यांनी तिचे पहिले संचालन केले. दहा भाग, सव्वा तासाहून अधिक वेळ, प्रचंड वाद्यवृंद, अवघड एकल पियानो आणि त्यावर ओंद मार्तनोचा मानवी गळ्यासारखा घरंगळणारा आवाज असा तिचा थाट आहे. शार्ङ्गदेवाच्या यादीत तुरंगलील नावाचा ताल आहे, नाव तेथूनच आले. विषय मात्र त्रिस्तान आणि इझोल्ड यांच्या कथेतल्यासारखे, मृत्यूपर्यंत नेणारे प्रेम हा आहे. तिचा पाचवा भाग आनंदाने उसळणारा आहे आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही पकडून ठेवतो. सगळी सिंफनी सलग ऐकणे नंतर करावे.

प्रतिसाद : सेनकाठी

पॅरिसमध्ये राहत असल्याने मेसियाँ यांच्या शिष्यपरंपरेबद्दल लिहावेसे वाटते, कारण देशी ताल त्यांच्या स्वतःच्या रचनांपुरते राहिले नाहीत, ते वर्गात गेले. कैदेतून परतल्यावर १९४१ मध्ये ते कॉन्झर्व्हातोआरमध्ये हार्मनी (स्वरसंगतीचे शास्त्र) शिकवू लागले आणि १९७८ पर्यंत तेथे शिकवत राहिले. पिएर बुलेझ, कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन, यानिस झेनाकिस, त्रिस्तां म्युराय, जेरार ग्रिझे, इंग्लंडचे जॉर्ज बेंजामिन, असे एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे रचनाकार या एका वर्गातून गेले. झेनाकिस वास्तुरचनेच्या कार्यालयात काम करणारे निर्वासित ग्रीक अभियंते होते. त्यांना मेसियाँ यांनी पुन्हा पहिल्यापासून हार्मनी शिकण्याऐवजी आपल्या गणिताचा आणि वास्तुविद्येचा संगीतात उपयोग करण्याचा सल्ला दिला. शिष्याला स्वतःसारखा न करण्याची ही वृत्ती मला गुरू म्हणून त्यांची खरी थोरवी वाटते. बुलेझ यांनी ‘तुरंगलीला’वर कठोर टीका केली, तरी मेसियाँ यांनी त्यांच्याशी नाते तोडले नाही आणि पुढे बुलेझ यांनीच त्यांच्या अनेक रचना जगभर वाजवल्या.

पियानोवादक इव्हॉन लोरिओ यांच्याबद्दलही लिहिले पाहिजे. त्या मेसियाँ यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. १९४३ नंतरच्या जवळजवळ सर्व पियानोरचना त्यांच्या हातांचा विचार करून लिहिल्या गेल्या. मेसियाँ यांच्या पहिल्या पत्नी, व्हायोलिनवादक आणि रचनाकार क्लेअर देल्बोस, यांची स्मृती एका शस्त्रक्रियेनंतर नाहीशी होत गेली आणि त्यांची अखेरची वर्षे शुश्रूषागृहात गेली. १९५९ मध्ये त्या वारल्या आणि १९६१ मध्ये मेसियाँ व लोरिओ यांचा विवाह झाला. मेसियाँ यांच्या मृत्यूनंतर लय, रंग आणि पक्षिविद्या यांवरचा त्यांचा सात खंडांचा ग्रंथ लोरिओ यांनीच पूर्ण करून छापून आणला. त्याच्या पहिल्या खंडात शार्ङ्गदेवाच्या १२० तालांचा तक्ता सविस्तर टिपणांसह आहे.

प्रतिसाद : मृदंगी

सेनकाठी यांच्या माहितीबद्दल आभार. द्रुतविराम यांनी समेचे जे गणित मांडले त्यावर विचार केला आणि ४९३ स्वरपुंजांनंतरची ती सम मान्य करतो. तिला मी सम म्हणायला तयार आहे. पण देशी ताल या नावाऐवजी ‘देशी तालांवरून घडवलेल्या लयी’ असे म्हणावे, हा आग्रह मात्र कायम ठेवतो.

याच प्रदेशाशी निगडित आणखी एक नोंद. मेसियाँ यांच्या आधीच्या पिढीतले अल्बेर रुसेल हे फ्रेंच रचनाकार १९०९ मध्ये प्रत्यक्ष भारतात आले होते. त्यांच्या वाद्यवृंदरचनेचा एक भाग वेरूळच्या लेण्यांवर आहे, आणि चित्तोडच्या पद्मिनीवरचा त्यांचा ऑपेरा १९२३ मध्ये पॅरिसला झाला. देवगिरी वेरूळपासून फार तर पंधरा किलोमीटरवर आहे. रुसेल यांनी हा प्रदेश डोळ्यांनी पाहिला आणि चित्र रंगवावे तशी रचना केली. मेसियाँ यांच्याकडे फक्त छापील तक्ता होता, पण त्याचा परिणाम त्यांच्या संगीताच्या हाडांपर्यंत गेला. प्रत्यक्ष पाहण्यानेच सखोल प्रभाव पडतो असे आपण मानतो, या दोघांकडे पाहता ते तपासून घ्यावे लागेल.

द्रुतविराम

‘देशी तालांवरून घडवलेल्या लयी’ ही शब्दयोजना मला पटते, यापुढे तीच वापरीन. रुसेल यांच्याशी केलेली तुलना फार उपयुक्त आहे.

उत्तरायुष्याबद्दल थोडेसे राहिले होते. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी यांच्यावरचा मेसियाँ यांचा एकमेव ऑपेरा २८ नोव्हेंबर १९८३ रोजी पॅरिसच्या पाले गार्निए या नाट्यगृहात सेइजी ओझावा यांच्या संचालनाखाली झाला. संहिताही त्यांचीच होती. संत पक्ष्यांना उपदेश करतात त्या दृश्यात त्यांनी आयुष्यभर जमवलेले पक्षिगान एकवटले आहे, आणि रानपाखरू यांनी ते आवर्जून ऐकावे. शेवटची मोठी रचना ‘पलीकडच्या जगाचे प्रकाशझोत’ ही न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या १५० व्या वर्षानिमित्त लिहिलेली अकरा भागांची वाद्यवृंदरचना आहे. २७ एप्रिल १९९२ रोजी मेसियाँ यांचे निधन झाल्यामुळे त्यांना ती ऐकता आली नाही. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये तिचा पहिला प्रयोग झाला आणि संचालक होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता.